धर्मगुरूंचा मान आणि निनावी पत्रे



थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात संत पौल दोन गोष्टी लागोपाठ सांगतो. तुमच्यामध्ये श्रम करणाऱ्यांना त्यांच्या कामाबद्दल मान द्या, आणि आपसांत शांतीने राहा. पहिली गोष्ट आपण सुरतकर मोठ्या हौसेने करतो. नवे फादर आले की हार, शाल, केक, भाषणे. मग वर्ष सरत नाही तोच त्याच फादरांविरुद्ध बिशपांकडे निनावी पत्र जाते. कारण काय, तर मिस्सा अमक्याच भाषेत का, हॉल तमक्यांना का दिला. गुजराती, मराठी, गोवेकर, मल्याळी, डांगकडचे आदिवासी, सगळे एकाच बाकावर बसतात, पण फादर मात्र प्रत्येकाला 'आपले' हवे असतात.

हे दुखणे जुने आहे. बडोदा धर्मप्रांत 1966 मध्ये झाला. त्याआधी सुरत मुंबईच्या आर्चबिशपांकडे होती, म्हणून मुंबईचे भांडण हे आपलेही भांडण. तिथे 1794 पासून एकाच शहरात दोन अधिकार चालत होते. काही चर्चेस पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालच्या पाद्रोआदोची, तर काही थेट रोमकडून चालणाऱ्या प्रोपागांडाची. 1853 मध्ये बिशप हार्टमन माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये ठाण मांडून बसले आणि बाहेरून पाद्रोआदोवाल्यांनी वेढा घातला. आत कॅथलिक, बाहेरही कॅथलिक! शेवटी इंग्रज अधिकाऱ्यांना मध्ये पडावे लागले आणि चर्च पाद्रोआदोकडे गेले. ही दुहेरी सत्ता 1928 मध्ये संपली, तीही आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असावा अशी वाटणी करून. म्हणजे 'आमचा की तुमचा' हे राहिलेच.

त्यातून वाट काढली ती आर्चबिशप रॉबर्ट्स यांनी. हे इंग्रज जेझुइट. 1946 मध्ये वलेरियन ग्रेशस सहायक बिशप झाले, तेव्हा रॉबर्ट्स मुंबईपासून दूर राहिले आणि कारभार ग्रेशस यांना चालवू दिला. 1950 मध्ये रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. कुणीही अर्ज-तक्रार करून त्यांना घालवले नव्हते. असा माणूस मानाला पात्र ठरतो तो कामामुळे, नुसत्या झग्यामुळे नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, म्हणजे फादरांपुढे गप्पच बसायचे का? मुळीच नाही. 1983 च्या कॅनन लॉमध्ये 212 वे कलम वाचा. आपले मत आदर राखून धर्मगुरूंना कळवण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे, कधी कधी ते कर्तव्यही आहे. 537 प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे. 1287 प्रमाणे लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब लोकांना द्यायचा आहे. किती जणांनी तो कधी मागितला? शाल द्यायला पन्नास जण पुढे येतात, समितीच्या बैठकीला मात्र चौघे. (आणि लेकराबाळांच्या अंगाला हात लागल्याची गोष्ट असेल तर ती चर्चमध्ये मिटवायची नसते. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे सरळ पोलिसांत जायचे.)

बाकी भाषेचे, वेळेचे, हॉलचे गाऱ्हाणे असेल तर रविवारी मिस्सेनंतर फादरांना तोंडावर सांगावे. नाहीच ऐकले तर नाव-सही घालून बिशपांना लिहावे आणि एक प्रत फादरांनाही द्यावी. बिशपमहाशयांनाही नम्र विनंती, की हॉल आणि मिस्सेच्या वेळेवरून आलेल्या बिनसहीच्या पत्रावर कुणाची बदली करू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सुरत