मासा पाळायचा तर आधी पाणी पाळा



बालआनंद मेळाव्यात भजी, चिवडा आणि बोरं विकून तुम्ही जे पैसे जमवले त्यांचे काय करायचे, हा विषय सध्या शाळेत जोरात चालू आहे. वरच्या वर्गाचे म्हणणे असे की, विज्ञान कोपऱ्यासाठी काचेचे गोल भांडे घ्यावे आणि परभणीच्या दुकानातून रंगीत 'रॅम' माशांची जोडी आणावी. काही पालक म्हणतात, "मासे काय बघायचेत? त्यापेक्षा पुस्तकं घ्या." दोन्ही बाजू ऐकल्या. माझे मत भित्तिपत्रकातच लिहितो, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल आणि ज्याला पटणार नाही त्याला पुढच्या अंकात उत्तर देता येईल.

मासे जरूर पाळावेत. पण गोल भांडे नको, रॅम नको, आणि घाई तर मुळीच नको.

आधी मासे का पाळावेत ते सांगतो. आरोग्य खात्याने हौदात सोडलेले गप्पी मासे तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. गप्पी डासांच्या अळ्या खातो, मोठ्या उपयोगाचा मासा. पण तो आपली पिलेसुद्धा खातो! रॅम मात्र 'सिक्लिड' नावाच्या कुळातला. या कुळातले मासे संसारी. त्यातले रॅमसारखे छोटे, बोटाएवढे मासे घरच्या टाकीत पाळता येतात. रॅमची जोडी सपाट दगड तोंडाने घासून स्वच्छ करते, त्यावर अंडी घालते आणि दोघे मिळून राखण करतात. दुसरा मासा जवळ आला की अंगावर धावून जातात. आपल्याकडची मरळ पिलांचा थवा कशी सांभाळते ते भोईदादांना विचारा, ते सांगतील. पण नदीच्या गढूळ पाण्यात ते आपल्याला दिसत नाही, काचेतून दिसते. आई-बाप म्हणजे काय, हे पाठ न करता डोळ्यांनी शिकता येईल, म्हणून मी मासे पाळण्याच्या बाजूचा आहे. पुस्तके हवीतच, पण हे पुस्तकही वाचण्यासारखे आहे.

आता रॅम का नको? काही जणांना वाटते की हे नाव प्रभू रामचंद्रावरून पडले. तसे नाही. मॅन्युएल रामिरेझ नावाच्या गृहस्थांनी हे मासे दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशातून गोळा केले, आणि १९४८ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्याच नावावरून माशाला नाव दिले. तिकडचे पाणी मऊ आणि कोमट. या माशाला २७ ते ३० अंश उष्णता कायम लागते. आपले पाणी कसे आहे? हापशाच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजता शिजत नाही, हंड्याला पांढरा थर बसतो. म्हणजे पाणी जड. परभणीचा पारा हिवाळ्यात कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो आणि मे महिन्यात ४३ च्या वर चढतो. पाणी गरम ठेवायला विजेचा हीटर लावावा म्हटले, तर आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी तो बिचारा किती दिवस काढणार?

गोल भांड्याचे गणित तर तुम्हीच करा. त्यात पाणी मावते तीन-चार लिटर. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच अशी टाकी घेतली तर किती मावेल? ५४,००० घनसेंटिमीटर, म्हणजे ५४ लिटर. त्याचे वजन ५४ किलो, म्हणून खाली मजबूत टेबल पाहिजे. पाणी थोडे असले की लवकर तापते, लवकर गार होते आणि लवकर घाण होते.

घाण म्हणजे नुसती डोळ्यांना दिसणारी नव्हे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशाला विषासारखा. टाकीतल्या वाळूत आणि दगडांवर एक प्रकारचे जिवाणू वाढतात, ते या विषाचे रूपांतर कमी घातक पदार्थात करतात. पण त्यांची वाढ व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नवी टाकी, नवे पाणी आणि त्याच दिवशी मासे आणले की आठवड्यात मासे उलटे तरंगतात. मग आपण म्हणतो, "दुकानदारानं आजारी मासा दिला." मासा आजारी नसतो, पाणी कच्चे असते. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते, ती माणसाला हितकारक पण माशाला घातक. म्हणून नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवूनच टाकीत घालावे, आणि दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे.

मग मासा कोणता? आपल्या देशात सिक्लिड कुळातले मूळचे मासे तीनच. त्यातला एक केरळचा करिमीन, २०१० साली केरळने त्याला राज्याचा मासा ठरवले. पण तो वीतभर वाढतो, आपल्या टाकीत मावणार नाही. दुसरा लहान, साधारण आठ सेंटिमीटरचा, पिवळा-नारिंगी. इंग्रजीत त्याला ऑरेंज क्रोमाइड म्हणतात. दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्याजवळ, गोड्या आणि मचूळ अशा दोन्ही पाण्यांत तो राहतो, त्यामुळे जड पाणी त्याला मानवते. त्याची पिले आई-बापाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खाऊन वाढतात! माझे मत याच माशाला. मिळायला वेळ लागला तर लागू द्या, पाणी पिकायला महिना लागणारच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. कंटाळा आला, पिले फार झाली, तर "सोडा ओढ्यात" असे म्हणायचे नाही. बाजारात मिळणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हीसुद्धा सिक्लिडच. मूळची आफ्रिकेची. गोरगरिबांना स्वस्त मासा मिळावा या चांगल्या हेतूने १९५२ साली ती भारतात आणली. तिची मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे पिले वाचतात भरपूर. तलावात चिलापीची गर्दी झाली, कटला-रोहूच्या वाट्याचे खाद्य ती खाऊ लागली. १९५९ साली तिच्या प्रसारावर बंदी घालण्यात आली, पण तोवर ती पाण्यात गेली होती. नदीत गेलेला मासा कोण परत काढणार? पिलांची जी माया काचेतून बघायला गोड वाटते, तीच परक्या नदीत गेली की तिथल्या माशांच्या मुळावर येते. अलीकडे शोभेच्या टाकीतला सकर मासा उजनीच्या जाळ्यात येतो, अशा बातम्या आपण वाचतो. आपला ओढा दुधनेला मिळतो, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. ओढ्यात टाकलेली गोष्ट गावातच राहत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. या महिन्यात फक्त टाकी, वाळू आणि दगड आणावेत, पाणी भरून ठेवावे. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मासे कोण बघणार याची पाळी नावानिशी फळ्यावर लिहावी. खाद्य चिमूटभरच घालावे, डासांच्या अळ्या मिळाल्या तर उत्तम. पाळीतला एकही दिवस रिकामा राहिला तर मासे आणू नयेत, पैसे खुशाल पुस्तकांना द्यावेत. मला वाईट वाटणार नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी शनिवारपर्यंत आपले मत लिहून द्यावे. अक्षर सुवाच्य असावे.

— तुमचे गुरुजी