मालकास प्रवेश बंद

खडवलीत माणूस घराबाहेर पडताना किल्ली कुठे ठेवतो, हे शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक असतं. आमची दाराच्या चौकटीवर असते. तिचा फायदा घेऊन आजवर घरात शिरले ते फक्त पाहुणे. टिटवाळ्याच्या पुढे गाड्या मोजक्याच असल्यामुळे चोरालाही परतीच्या लोकलचा विचार करावा लागत असेल, एवढाच काय तो आमचा बंदोबस्त.

असल्या गावात, असल्या घरात, मधल्या खोलीच्या टेबलावर माझ्या पैशांनी आणलेला एक संगणक आहे आणि तो मला रोज सकाळी विचारतो, "आपण कोण?"

या उद्धटपणाचीही मी सवय करून घेतली होती. पासवर्ड होता नदीचा. भातसा, इंग्रजीत सहा अक्षरं. (आता सांगायला हरकत नाही, बदलला आहे.) एका सकाळी सहा अक्षरं बडवली, तर म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा बडवली. चुकीचा. चष्मा पुसला, एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. चुकीचा.

"तुम्ही फार जोरात दाबता," ही म्हणाली आणि तिने हळुवार दाबून पाहिलं. यंत्राने स्त्रीदाक्षिण्य दाखवलं नाही.

मग त्याने माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मालक असाल तर पूर्वी दिलेली उत्तरं पुन्हा द्या. पहिला प्रश्न : आपले आईवडील कोणत्या शहरात भेटले? आता काय सांगू? माझे आईवडील अंतरपाटाच्या दोन बाजूंना भेटले आणि ते शहर नव्हतं. दुसरा : सर्वांत मोठ्या 'कझिन'चं नाव. चुलत, आते, मामे की मावस? आमच्याकडे नुसत्या चुलतभावंडांची पंगत बसते. त्यातला थोरला कोण यावरून आमच्या घराण्यात दोन श्राद्धं गाजली आहेत. तिसरा प्रश्न जन्मगावाचा. तो सोपा वाटला, पण 'खडवली' इंग्रजीत लिहायची कशी? स्टेशनच्या पाटीवर एक, एखाद्या दाखल्यावर दुसरी. 'व'साठी 'व्ही' की 'डब्ल्यू', 'व' आणि 'ल'च्या मध्ये 'ए' आहे की नाही, यावर चार खडवल्या तयार होतात. चारही लिहिल्या. आपल्याच गावचा मी नव्हे, असा निकाल लागला.

शेवटी तज्ज्ञाला बोलावलं. चिरंजीव वयाने आमच्या नातवाएवढे. बॅग खाली न ठेवताच म्हणाले, "काका, फॉरमॅट मारावा लागेल."

हे फॉरमॅट प्रकरण मला कधीच कळलेलं नाही. किल्ली हरवली तर आपण कुलूप तोडतो, फार तर कोयंडा उखडतो. घर पाडून नवं बांधू या, असं कोणता सुतार म्हणतो? पण संगणकाच्या धंद्यात हा उपाय पहिला सुचतो. पोट दुखतंय? माणूस बदला.

"आणि आतलं सगळं?" हिने विचारलं.

"ते जाणार."

ही काही बोलली नाही. आत माझ्या आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. शेवटच्या आजारपणात हिनेच उशाशी बसून टिपून घेतलेल्या. दुसरी प्रत काढायची रोज ठरत होतं. तज्ज्ञाने हिच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काकू, तसं आधी डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावतो. सगळं दिसेल, उतरवून घेऊ."

"पासवर्ड?"

"त्याला पासवर्ड लागत नाही."

वाचकहो, मी खुर्चीत बसलो. म्हणजे ज्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर आहे, त्याला सगळं उघडं. आणि ज्याचा जन्म, आईवडील नि भावंडं तपासून झाली, तो उंबऱ्याबाहेर! तज्ज्ञाने समजावलं की हे कुलूप फक्त पुढच्या दाराचं असतं. डिस्कला वेगळं कुलूप घालता येतं, हल्लीच्या बऱ्याच यंत्रांत ते आपोआपच लागतं. मग मात्र अडलेल्या मालकाकडे अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतात. मला स्वतःचा दहा आकडी फोन नंबर पाठ नाही.

हे पासवर्ड प्रकरण मुळात घरासाठी जन्मलेलंच नाही. १९६१ साली अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात फर्नांडो कॉर्बातो यांनी एक संगणक अनेकांनी वाटून वापरायची व्यवस्था दाखवली. एकाचे कागद दुसऱ्याने चाळू नयेत म्हणून तिथे प्रत्येकाला पासवर्ड दिला. रास्त होतं. मंडळींच्या एकत्र बिऱ्हाडात प्रत्येकाच्या ट्रंकेला कुलूप हवंच. तरी १९६२ साली तिथल्याच ॲलन शेर नावाच्या संशोधकाने, आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात म्हणून, सगळ्यांच्या पासवर्डांची यादी त्या यंत्राकडूनच छापून घेतली. १९६६ साली तर सुप्रभात म्हणायच्या जागी यंत्राने समस्त मंडळींचे पासवर्डच आल्यागेल्याला वाचायला दिले. दोन कागदांची अदलाबदल झाली होती.

इतका अनुभव गाठीशी असताना तेच कुलूप आमच्या मधल्या खोलीत आणलं. वर नियम : एक मोठं अक्षर घाला, एक आकडा घाला, एक चिन्ह घाला, दर तीन महिन्यांनी बदला. या छळाचा उगम बराचसा २००३ सालच्या एका अमेरिकन सरकारी पुस्तिकेत आहे. ती लिहिणारे बिल बर नावाचे गृहस्थ २०१७ साली निवृत्तीनंतर म्हणाले की, त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या सरकारी संस्थेनेही चिन्हांची सक्ती आणि विनाकारण बदलायची सक्ती नको, असं लिहून टाकलं. सासूला पश्चात्ताप झाला, पण तोवर सून तिच्यासारखी झाली होती. इकडे अजून ठिकठिकाणी तीन महिने मोजतात.

शनिशिंगणापुरात २०११ साली एका बँकेने कुलूप न लावता शाखा उघडली होती. आतल्या संगणकांना मात्र पासवर्ड असणार, यावर माझी पैज.

असो. तज्ज्ञ स्क्रू काढायला वाकले, तेवढ्यात हिने विचारलं, "अहो, हा डोळा कसला?" पासवर्डाच्या चौकटीच्या टोकाला खरंच एक डोळा होता. हिने तो दाबला. काळ्या ठिपक्यांच्या जागी अक्षरं उमटली : व, प, आणि पुढे काना-मात्रा-ऊकारांचा निराधार घोळका.

आदल्या रात्री हिने महिला मंडळाचं इतिवृत्त लिहिलं होतं, इनस्क्रिप्टवर. कळफलक मराठीतच राहिला होता. इंग्रजी 'बी' दाबलं की 'व', 'एच' दाबलं की 'प', 'टी' दाबलं की दीर्घ ऊकार. सकाळपासून मी भातसा लिहीत होतो आणि यंत्र मराठीत गोंधळ ऐकत होतं.

आता माझं भांडण ऐका. कॅपिटल अक्षरांची कळ चुकून दाबली गेली तर हेच यंत्र धावत येऊन सांगतं, सांभाळा, कळ चालू आहे. इंग्रजी अक्षर जरा उंच झालं की एवढी काळजी. आणि अख्खी लिपी बदलली तर गप्प! कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत भाषेचं नाव असतं म्हणे. चोराला सुगावा लागू नये म्हणून बोलत नसेल म्हणावं, तर कॅपिटलबद्दल चोराला का सांगता? खरं कारण मला दिसतं ते असं की, कुलूप घडवणाऱ्याच्या घरात एकच लिपी होती.

भाषा बदलली, दार उघडलं. ओव्यांच्या त्याच दुपारी तीन प्रती झाल्या. एक तज्ज्ञानेच काढून दिली आणि फॉरमॅट न मारल्याचे फक्त येण्याजाण्याचे पैसे घेतले.

नवा पासवर्ड लांबलचक आहे आणि तो हिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवला आहे. ते पाहून तज्ज्ञ किंचाळले, "काकू, लिहून ठेवायचा नसतो!"

"का रे?"

"कोणीतरी बघेल ना!"

"इथे येऊन?" ही म्हणाली. "बघू दे. चहा घेऊन जाईल."