टॅब दाबायच्या आधी...

टॅब! कीबोर्डच्या डाव्या कडेचं ते साधंसं बटण. मास कॉमला असताना मी ते फक्त ऑनलाइन फॉर्म भरताना वापरायचे. आता माझ्या आयटीवाल्या मैत्रिणींचा अख्खा दिवस त्याच्यावर निघतो.

फंडा सोपा आहे. कोड एडिटरमध्ये तुम्ही दोन शब्द टाइप करता आणि पुढच्या चार ओळी फिकट राखाडी अक्षरांत आपोआप समोर येतात. पटलं? टॅब दाबा, ओळी तुमच्या! जून २०२१ मध्ये गिटहब कोपायलट चाचणीसाठी आला, जून २०२२ मध्ये सगळ्यांना मिळाला आणि मग अशा असिस्टंटची रांगच लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रेय कार्पथीने तर 'व्हाइब कोडिंग' असं बारसंही करून टाकलं. म्हणजे काय, तर कोड वाचायचाच नाही, येईल ते स्वीकारत सुटायचं.

म्हटलं, हे तर आपल्यालाही जमेल!

तर झालं असं, की गेल्या महिन्यात मी मामाकडे गेले होते. नेवासा तालुक्यात. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, तरी मामाच्या तोंडी अजून 'नगर'च आहे.) मामाचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ साठेक घरांचं दूध येतं. लिटर, फॅट आणि लॅक्टोमीटरचं रीडिंग रजिस्टरमध्ये लिहायचं आणि दर दहा दिवसांनी रात्र जागून बिलं काढायची. मामी म्हणाली, "पुण्यात दिवसभर कॉम्प्युटर घेऊन बसतीस ना? मग मामाचं एवढं काम कर की!"

केलं. एडिटर उघडला, इंग्रजीत लिहिलं, 'फॅट आणि लॅक्टोमीटरवरून एसएनएफ काढ.' लगेच राखाडी सूत्र हजर! रीडिंग भागिले ४, अधिक फॅट गुणिले ०.२, अधिक ०.३६. टॅब. पुढची ओळ. टॅब. वीस मिनिटांत प्रोग्रॅम तयार. एकही एरर नाही. सॉलिड!

सकाळी मामाने चष्मा लावला आणि स्क्रीनवरचं पहिलंच नाव बघितलं. एक आजी, एकच गाय. फॅट ३.८, रीडिंग २८. एसएनएफ ८.१२.

"नाही गं. ८.४२ पाहिजे." तोंडी सांगितलं बरं का, कॅल्क्युलेटर न घेता! "आपल्या डेअरीच्या तक्त्यात शेवटी ०.६६ धरतेत. तू हे ०.३६ कुठून आणलंस?"

"मी नाही मामा, त्यानं..."

"त्यानं म्हंजी कुणी?"

बोलती बंद!

गंमत म्हणजे ते सूत्र खोटं नव्हतं. शेवटचा आकडा ठिकठिकाणी वेगळा धरतात. असिस्टंटने ढीगभर कोड वाचलाय, त्यात बसेल असं काहीतरी त्याने सुचवलं. आमच्या डेअरीचा तक्ता त्याने पाहिला नव्हता आणि मी तो दाखवला नव्हता. गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो. त्याखाली गेलं की पॉइंटमागे पैसे कापले जातात. माझ्या प्रोग्रॅममुळे साठच्या साठ घरांच्या दुधाचे तीन-तीन पॉइंट उडाले असते. दोन्ही वेळचे, दहाही दिवसांचे. आणि स्क्रीनवर एक लाल रेघ उमटली नसती. शब्द चुकला तर एडिटर ओरडतो. आकडा चुकला तर तो गप्प असतो. ओरडते ती आजी, तेही तिला कळलं तर!

मग शहाणी झाले. असिस्टंटलाच प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला. जी ओळ मला मामाला मराठीत समजावून सांगता येईना, ती ठेवली नाही. मामाने हाताने काढलेली दहा जुनी बिलं घेतली आणि प्रोग्रॅमचं उत्तर त्यांच्याशी पैशापर्यंत जुळतं का, हे तपासणारा कोड लिहून घेतला. तोही त्याने मिनिटात दिला. पण बरोबर उत्तरं कुठून आली? मामाच्या रजिस्टरमधून!

परतताना नेवाशाच्या मंदिरात गेले. इथल्याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, असं मानतात. साल १२९०. लिहून घेतली सच्चिदानंद बाबांनी. म्हणजे लेखनिक तेव्हाही होताच! पुढे प्रतींवरून प्रती निघत गेल्या, पाठ बदलत गेले आणि १५८४ मध्ये एकनाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत तयार केली. जवळपास तीनशे वर्षांनी झालेला कोड रिव्ह्यूच म्हणा ना! एवढ्या थोर ग्रंथालाही कुणीतरी बसून ओळ न् ओळ पाहावी लागली. मग माझ्या वीस मिनिटांच्या प्रोग्रॅमचं काय घेऊन बसलात?

मामाची बिलं आता चहा होईस्तोवर निघतात. रात्रीची झोप पूर्ण होते, म्हणून मामीही खूश. परवा मामाचा व्हॉट्सअॅप आला. दराच्या नव्या तक्त्याचा फोटो आणि खाली एकच ओळ : 'तुझ्या त्याला दाखव. पण आधी तू वाच.'