विश्लेषण : लघुउद्योगांचे हिशेब ‘क्लाऊड’वर, पण जबाबदारी कुणाची?

चाकण-भोसरीतील सुटे भाग बनवणारे कारखाने असोत की इचलकरंजीतील यंत्रमागधारक, लघुउद्योगांचा हिशेब बराच काळ कार्यालयातील एखाद्या संगणकात आणि त्याचा ‘बॅकअप’ मालकाच्या वा हिशेबनिसाच्या पेन ड्राइव्हमध्ये राहत आला. गेल्या काही वर्षांतील नियमबदलांमुळे ही पद्धत अपुरी ठरू लागली असून अनेक उद्योग भाडेतत्त्वावरील ‘क्लाऊड’ सेवांकडे वळत आहेत. त्यामुळे यंत्रांची देखभाल करण्याची डोकेदुखी कमी होते. माहितीची जबाबदारी मात्र उद्योजकाकडेच राहते. हा फरक का महत्त्वाचा ठरतो, याविषयी…

‘क्लाऊड’ म्हणजे नेमके काय?

स्वत:चा सर्व्हर विकत न घेता दुसऱ्याच्या विदा केंद्रातील संगणक, साठवण किंवा सॉफ्टवेअर इंटरनेटवरून भाड्याने वापरणे म्हणजे क्लाऊड. लघुउद्योगांत त्याचे दोन प्रकार प्रामुख्याने दिसतात. पहिल्यात ईमेल, बिलिंग वा हिशेबाचे सॉफ्टवेअर थेट ब्राउझरमध्ये चालते आणि दरमहा वा दरवर्षी वर्गणी भरावी लागते. दुसऱ्यात टॅलीसारखे नेहमीचे सॉफ्टवेअरच भाड्याच्या सर्व्हरवर बसवून दिले जाते. वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. परंतु दुसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर एका कंपनीचे आणि सर्व्हर सांभाळणारा मध्यस्थ वेगळाच असू शकतो. बॅकअप कोण घेणार, याचे उत्तर अशा वेळी करारातच शोधावे लागते.

उद्योग आताच का वळत आहेत?

याला मुख्यत: नियम कारणीभूत आहेत. हिशेब संगणकावर ठेवणाऱ्या कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक नोंदीतील बदल कधी झाला हे टिपणारे आणि ही सोय बंद करता न येणारे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, हिशेबाचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याची अट आली. हे नियम प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांनाही लागू आहेत. भागीदारी वा एकल मालकीच्या व्यवसायांना नाहीत.

मात्र ‘जीएसटी’ची ई-इनव्हॉइस व्यवस्था या व्यवसायांपर्यंतही पोहोचली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीपासून सुरू झालेली ही सक्ती टप्प्याटप्प्याने खाली येत ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. १० कोटी वा त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावे लागते. यासाठी क्लाऊडच हवा असे नाही. पण संगणक बंद पडला म्हणून महिनाभर बिलांची नोंद लांबवण्याची सवलतही उरलेली नाही.

खर्च खरोखर कमी होतो का?

सुरुवातीचा नक्कीच होतो. पुढचे गणित उद्योगागणिक बदलते. समजा, आठ कर्मचाऱ्यांसाठी दरडोई दरमहा ५०० रुपये वर्गणी आहे. वर्षाला ४८ हजार आणि पाच वर्षांत २ लाख ४० हजार रुपये होतात. १८ टक्के जीएसटी वेगळा. दुसऱ्या बाजूला स्वत:च्या सर्व्हरसाठी केवळ खरेदीची किंमत धरून चालत नाही. यूपीएस, वीज, देखभाल करार आणि बिघाडामुळे वाया गेलेले दिवसही मोजावे लागतात.

कर्मचारी वाढले की वर्गणी वाढते आणि नूतनीकरणाच्या वेळी दरही बदलू शकतात. शिवाय साठवलेली माहिती बाहेर काढण्यासाठी काही सेवा शुल्क आकारतात. सेवा पूर्णपणे सोडणाऱ्या ग्राहकांसाठी ते माफ करण्याची घोषणा गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२४ मध्ये केली. छोट्या सेवादारांच्या बाबतीत मात्र हे गृहीत धरता येत नाही.

माहिती तिथे सुरक्षित असते का?

इमारत, वीज आणि यंत्रे यांची सुरक्षा सेवादार पाहतो. पासवर्ड कुणाकडे, कुणाला काय दिसावे आणि दुसरी प्रत कुठे, हे ग्राहकाने ठरवायचे असते. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ‘ओव्हीएचक्लाऊड’च्या विदा केंद्राला आग लागून एक संपूर्ण इमारत जळाली. ज्यांनी स्वतंत्र बॅकअप घेतला नव्हता किंवा ज्यांची दुसरी प्रतही त्याच आवारात होती, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली.

भारतात जुलै २०२४ मध्ये सहकारी व ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’वर खंडणीखोर सायबर हल्ला झाला. राष्ट्रीय देयक महामंडळाने खबरदारी म्हणून या कंपनीची यंत्रणा आपल्या जाळ्यातून तात्पुरती तोडली आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे देयक व्यवहार खोळंबले. सेवा एकच असली की फटकाही सर्वांना एकदम बसतो.

सेवाच बंद झाली तर?

युरोपीय महासंघाच्या निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीची मायक्रोसॉफ्ट सेवा थांबवण्यात आली. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. लघुउद्योजकाला असे न्यायालयात जाणे परवडणारे नसते. त्याच्याबाबतीत कारणही साधेच असू शकते. वर्गणीचे कार्ड बाद झालेले असते किंवा खाते नोकरी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेले असते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ वर्षे जपावी लागतात. वर्गणी संपली म्हणून ही मुदत कमी होत नाही.

विदा संरक्षण कायद्याने काय बदलेल?

‘डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा’ ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. ग्राहकांचे मोबाइल क्रमांक, कामगारांचे आधार व बँक तपशील यांवरील प्रक्रिया दुसऱ्या संस्थेकडे सोपवली, तरी कायद्यापुढे जबाबदार राहतो तो ती माहिती गोळा करणारा व्यवसाय. सेवादाराशी वेगळा करार केला तरी ही जबाबदारी टळत नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दंड ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य पाहिले जाणार असले, तरी ‘ते सगळे सॉफ्टवेअरवाल्याकडे आहे’ हे उत्तर चालणार नाही.

उद्योजकांनी काय तपासावे?

खाते व्यवसायाच्या नावाच्या ईमेलवर असावे आणि त्याचे मुख्य अधिकार किमान दोन विश्वासू व्यक्तींकडे असावेत. प्रत्येक लॉगिनला ओटीपीसारखी दुसरी पडताळणी हवी. नोकरी सोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा. एक प्रत वेगळ्या सेवादाराकडे किंवा कार्यालयातील हार्ड डिस्कवर ठेवावी आणि तीन महिन्यांतून एकदा ती उघडून हिशेब जुळतो का ते पाहावे. न तपासलेला बॅकअप ऐन वेळी उघडला नाही, तर त्याचा उपयोग नसतो. सर्व्हर भारतात आहे का, करार संपल्यावर माहिती किती दिवस आणि कोणत्या स्वरूपात मिळेल, हे लेखी घ्यावे.

सगळे एकदम हलवण्याचीही गरज नाही. ईमेल आणि बॅकअपपासून सुरुवात करून हिशेब त्यानंतर नेता येतो. त्यासाठी आर्थिक वर्षाची सुरुवात सोयीची, मार्चअखेरीची धावपळ नव्हे. बदलानंतर महिनाभर जुनी व नवी पद्धत समांतर चालवल्यास चुका वेळीच सापडतात आणि नवी सेवा मानवली नाही, तर मागे फिरण्याची वाटही मोकळी राहते.