क्लाउडला डेटा पाठवला. पोच घेतली का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून वाहनउद्योगाला जाणाऱ्या कास्टिंगला हीट नंबर असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीच्या कितव्या हीटचे, म्हणजे वितळवणीच्या खेपेचे, लोखंड त्यात ओतले, हे त्यावरून काढता येते. पुढे कधी एखादा भाग तडकला तर ग्राहक कंपनी तोच नंबर घेऊन विचारते: स्पेक्ट्रोचा, म्हणजे धातूच्या रासायनिक घटकांचा, रिपोर्ट काय होता, ओतताना तापमान किती होते, वाळूत ओलावा किती होता? आजवर ही उत्तरे रजिस्टरात शोधली जात. आता भट्टीच्या पॅनेलला, वाळूच्या मिक्सरला, वीजमीटरला सेन्सर जोडून त्यांचे रीडिंग थेट क्लाउडवरच्या डेटा वेअरहाउसमध्ये, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरील मोठ्या कोठारात, पाठवण्याच्या योजना कारखानदारांपुढे मांडल्या जातात. मांडणाऱ्यांचा सगळा भर वेगावर असतो. मालकाला घरबसल्या मोबाइलवर भट्टीचा आकडा हलताना दिसेल, असे सांगितले जाते. ते पाहून कोणाला समाधान मिळत असेल तर हरकत नाही. पण फाउंड्रीला वेगाची निकड फारशी नाही. प्रत्येक नोंद नक्की पोचली आणि एकदाच पोचली, याची खात्री तिला हवी आहे. ती आज मिळू शकते, मात्र मागितली तरच.

यात अडचण कुठे येते, हे समजायला संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. पॅनेलशेजारी एक छोटा संगणक बसतो. त्यातला प्रोग्रॅम सेन्सरचे रीडिंग घेतो आणि क्लाउड कंपनीने दिलेल्या क्लायंट लायब्ररीमार्फत, म्हणजे पाठवणीच्या तयार कोडमार्फत, पुढे धाडतो. नोंद सर्व्हरवर पोचली, पण 'मिळाली' हे उत्तर परत येताना नेट गेले, तर प्रोग्रॅमला काय घडले ते कळायला मार्ग नसतो. तो तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि कोठारात एका रीडिंगच्या दोन ओळी होतात. गूगलच्या बिगक्वेरी या वेअरहाउसमध्ये नोंदी पाठवण्याची जी जुनी पद्धत आहे, तीत प्रत्येक ओळीला ओळखक्रमांक देता येतो. पण त्यावरून दुबार ओळ ओळखण्याची सर्व्हरची स्मृती साधारण मिनिटभराची, आणि तीही जमेल तेवढीच. याच पद्धतीत आणखी एक खाच आहे. पाठवलेल्या गठ्ठ्यातल्या काही ओळी नाकारल्या गेल्या तरी सर्व्हरचे उत्तर वरवर 'यशस्वी' असेच येते. नाकारलेल्या ओळींची यादी त्या उत्तराच्या पोटात असते. प्रोग्रॅमरने ती यादी वाचलीच नाही, तर त्या ओळी कायमच्या हरवतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही. स्क्रीनवरचा आलेख मात्र चालूच राहतो.

यावर तोडगा निघालेला आहे. बिगक्वेरीच्या नव्या 'स्टोरेज राइट एपीआय'मध्ये पाठवणाऱ्याला स्वतःचा प्रवाह उघडून प्रत्येक ओळीला चढता अनुक्रम लावता येतो. तोच अनुक्रम पुन्हा आला तर सर्व्हर 'ही नोंद आधीच आहे' म्हणून परत करतो. स्नोफ्लेक या दुसऱ्या वेअरहाउसच्या थेट पाठवणीतही अशाच हेतूचे 'ऑफसेट टोकन' आहे. मात्र गूगलच्या याच एपीआयमधला जो प्रवाह आयता, काही न करता मिळतो, तो नोंद दुबार न होण्याची हमी देत नाही, आणि घाईच्या कामात बहुधा तोच वापरला जातो. शिवाय आपण कुठवर पोचलो हे त्या छोट्या संगणकाने स्वतःच्या डिस्कवर लिहून ठेवले नसेल, तर वीज जाऊन आल्यावर अनुक्रमाचा धागाच तुटतो. म्हणून लायब्ररी चांगली आहे एवढ्याने काम भागत नाही, ती कशी वापरली हे पाहावे लागते. यात फाउंड्रीला एक सोय आयती आहे. हीट नंबर, मशीन आणि वेळ या तिन्ही गोष्टी प्रत्येक नोंदीबरोबर गेल्या, तर दुबार ओळी नंतरही वेगळ्या काढता येतात. बऱ्याच धंद्यांना जी ओळख मुद्दाम तयार करावी लागते, ती ओतकामात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो, आणि तो टिकत नाही. एका भट्टीचे दर सेकंदाला एक रीडिंग म्हणजे दिवसाला 86,400 ओळी. जुन्या पद्धतीत प्रत्येक ओळ किमान 1 केबी धरली जाते. महिन्याचा हिशेब सुमारे 2.6 जीबी होतो. दर 200 एमबीला एक सेंट या दराने महिन्याचे बिल 13 सेंट, म्हणजे दहा-बारा रुपये. प्रदेशानुसार दर थोडा बदलतो, आणि नव्या पद्धतीत तर महिन्याला पहिले 2 टीबी फुकट आहेत. साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारण्याचे पैसे वेगळे लागतात, पण एका फाउंड्रीच्या आकाराला तेही डोईजड नाहीत. खरा खर्च सेन्सर, वायरिंग आणि ते सांभाळणाऱ्या माणसाचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दिवसभराच्या नोंदींची फाइल रात्री एकदाच चढवली तर बिगक्वेरी त्याचे पैसेही घेत नाही. मग थेट प्रवाह हवाच कशाला? बऱ्याच नोंदींसाठी हे म्हणणे मान्य करायला हवे. तातडीच्या निर्णयासाठीही क्लाउडवरचा प्रवाह कामाचा नाही. एसजी आयर्न या मॅग्नेशियम घालून केलेल्या लोखंडाचे उदाहरण घ्या. मॅग्नेशियमची प्रक्रिया झाल्यावर तिचा परिणाम मिनिटामिनिटाने उतरत जातो आणि साधारण 10 मिनिटांच्या आत लॅडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचे भांडे, रिकामी करावी लागते. उशीर झालेली लॅडल ओतायची की परत भट्टीत टाकायची, हा निर्णय मुंबईच्या डेटा सेंटरवरून येण्याची वाट पाहायची नसते. तो शॉपवरच, नेट असो वा नसो, व्हायला हवा. प्रवाहाचा फायदा वेगळा आहे. रात्रीची फाइल अर्धवट राहिली तर ते सकाळी कळते, आणि तोवर मधल्या नोंदी एकाच डिस्कच्या भरवशावर असतात. प्रवाहात जिथे खंड पडला ती जागा लगेच दिसते. वाळूच्या चाचण्या रात्रीच्या फाइलने जाऊ द्याव्यात. भट्टी आणि लॅडलच्या नोंदी, ज्यांवर ग्राहकाच्या तक्रारीचे उत्तर अवलंबून आहे, तेवढ्या लगेच पाठवाव्यात.

खंड पडणारच, हे शिरोलीला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झाले. रोजच्या वीज आणि नेटच्या तक्रारी निराळ्याच. तेव्हा प्रोग्रॅमने नोंदी जागेवर साठवून नेट आल्यावर पाठवायला हव्यात, आणि त्यांवर पोचल्याची वेळ नको, घडल्याची वेळ हवी. वीजमीटरच्या बाबतीत तर साधी युक्ती आहे. मिनिटागणिक खपलेल्या युनिटचा फरक पाठवण्याऐवजी मीटरवरचा चढता आकडाच पाठवावा. मग मधली ओळ हरवली किंवा दोनदा आली तरी महिन्याच्या बेरजेला धक्का लागत नाही. एक टन लोखंड वितळायला 600 युनिटच्या आसपास वीज लागते अशा धंद्यात ही बेरीज चुकून चालत नाही. ओतलेल्या बॉक्सची, म्हणजे साच्यांची, मोजणी मात्र अशी सुटत नाही, कारण तिथे दुबार ओळ म्हणजे न ओतलेले कास्टिंग मोजले जाणे.

लहान फाउंड्रीला रजिस्टर पुरेसे आहे, असेही म्हटले जाते. जिथे ग्राहक मोजके आणि हीट दिवसाला चार-पाच, तिथे ते खरेच आहे. दुबार आणि गहाळ ओळींच्या कोठारापेक्षा सुपरवायझरच्या सहीचे रजिस्टर केव्हाही विश्वासाचे. पण ज्याने क्लाउडवर जायचे ठरवले आहे, त्याने रजिस्टर सहा महिने तरी बंद करू नये, कारण पडताळणीला दुसरे काही हाताशी नसते. पण नोंदी पोचण्याच्या खात्रीच्या अटी एकेकट्या कारखानदाराने घातल्या तर पुरवठादार ऐकेलच असे नाही. शिरोली मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन म्हणजे 'स्मॅक'ने खरेदी ऑर्डरसाठी एक सामाईक मसुदा केला आणि चाचणीला गोकुळ शिरगावच्या केआयटीसारख्या महाविद्यालयाची मदत घेतली, तर हे काम अवघड नाही. मसुद्यात चाचणी अशी असावी: चालू शिफ्टमध्ये नेटची केबल दोन तास काढून ठेवायची, मधे एकदा त्या छोट्या संगणकाची वीजही बंद करून चालू करायची, मग केबल परत जोडायची. दुसऱ्या दिवशी हीट रजिस्टर आणि वेअरहाउस शेजारी ठेवून हीट, लॅडल आणि बॉक्सचे आकडे जुळवायचे. संगणक चालू असतानाची एकही नोंद कमी किंवा जास्त निघाली, तर शेवटचा हप्ता थांबवायचा.