व्हॉल काढला, आता बिनधास्त!

"आपल्या हवेत व्हॉल लागतच नाही साहेब. थंड देशासाठी असतो तो."

हे वाक्य तुम्ही कधी ऐकलं नसेल, तर तुमच्याकडे जुनी गाडी नाही. आमच्याकडे आहे. २००० सालची मारुती ८००, पाटी अजून एमएच ०६ ची. बाबांनी घेतलेली, म्हणून विकवत नाही. मागच्या उन्हाळ्यात काटा लाल रेघेकडे सरकायला लागला. पनवेलमधल्या एका गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत थर्मोस्टॅट (त्याच्या भाषेत व्हॉल) काढून माझ्या हातावर ठेवला, फॅन डायरेक्ट केला आणि म्हणाला, "आता बिनधास्त!" काटा खरंच खाली आला. मीही खूश.

पुढच्या शनिवारी आईला घेऊन पुण्याला निघालो. खोपोलीपर्यंत सगळं आलबेल. घाटात, जिथे अमृतांजन पूल होता (२०२० साली पाडला) त्याच्या अलीकडेच बॉनेटमधून वाफ. भर दुपार, बाजूने घोंघावणारे ट्रक आणि सत्तरीची आई कठड्याला टेकून उभी. हेड गॅस्केट गेलं होतं.

तर आता भांडण.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणावर चालणारी झडप. बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा वरचा रबरी पाइप इंजिनाला जिथे मिळतो, तिथे ती असते. इंजिन गार असताना ती बंद, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं. साधारण ८२ अंशांना मेण फुगतं, झडप उघडते, पाणी रेडिएटरकडे जातं. आता पनवेलचा मे महिना धरा ३८ अंश. ८२ च्या हिशेबात ही थंडीच झाली की! 'थंड देश' हा मुद्दा इथेच संपला. झडप नसेल तर गावातल्या गावात इंजिन धड तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

मग काटा खाली का आला? कारण पाणी आणि फॅन दोन्ही कायम चालू. माझ्या रेडिएटरच्या नळ्या बोअरिंगच्या पाण्याच्या क्षारांनी बुजल्या होत्या. (कूलंटऐवजी ते पाणी वर्षानुवर्षं मीच ओतलं. हा गुन्हा माझा.) बेलापूरपर्यंतच्या सपाट रस्त्याला उरलेल्या नळ्या पुरल्या, घाटाला पुरल्या नाहीत. म्हणजे रोग होता तिथेच, फक्त दिसेनासा झाला. आमच्या धंद्यातही असे महाभाग असतात. टेस्ट फेल होते ना? मग टेस्टच कॉमेंट करून टाका!

खरं तर आधी काही प्रश्न विचारायचे होते. ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेगात बरी असते? फॅन किंवा त्याचा स्विच बघा. चढावर किंवा वेगात तापते? रेडिएटर, वॉटर पंप. काटा वर गेलाय, वरचा पाइप कढत आणि खालचा गार? झडप अडकली असेल किंवा रेडिएटर बुजला असेल. काढलेली झडप भांड्यात पाणी उकळून त्यात टाका, उघडली तर ती निर्दोष. गळती नसताना पाणी कमी होतंय, ऑइल दुधाळ दिसतंय? गॅस्केट. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं पाणी शंभराच्या वर असू शकतं.

यात रॉकेट सायन्स कुठेय? अर्धा तास लागतो. पण त्या अर्ध्या तासाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, हेही खरं. पार्टचं बिल मुकाट भरतो, निदानाचं म्हटलं की "नुसतं बघायचे पैसे?" म्हणून मेकॅनिक बघत नाही, काढतो.

माझी मारुती आता नव्या रेडिएटरवर, नव्या झडपेवर आणि कूलंटवर चालते. तुमच्या हातावर कुणी एखादा पार्ट काढून ठेवला, तर एवढंच विचारा: "हा खराब आहे हे कशावरून?"

उत्तर आलं नाही, तर चावी परत मागा.