दाविदाच्या गोष्टीतला उरीया

जून २००९मध्ये अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्याचे गव्हर्नर मार्क सॅनफर्ड काही दिवस अचानक दिसेनासे झाले. ते अर्जेंटिनात एका स्त्रीला भेटायला गेले होते हे उघड झाल्यावर त्यांच्या राजीनाम्याची मागणी सुरू झाली. त्या वेळी मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्यांनी दावीद राजाचा दाखला दिला. दावीदही फार खाली घसरला होता, पण तो सावरला आणि पुन्हा उभा राहिला, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. राजीनामा त्यांनी दिला नाही. मुदत पूर्ण केली. असा दाखला देणारे ते पहिले नव्हते. सत्तेवर किंवा धर्मपीठावर बसलेल्या माणसाचे पाप चव्हाट्यावर आले की त्याच्या बाजूचे लोक आधी हिब्रू शास्त्राकडे धाव घेतात. अब्राहाम खोटे बोलला, याकोबाने बापाला फसवले, मोशेने खून केला, दाविदाने दुसऱ्याची बायको घेतली, तरी देवाने त्यांना टाकले नाही, मग आपण कोण न्याय करणार? हा युक्तिवाद आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्येही ऐकू येतो. तिथे या माणसांना ‘विश्वासवीर’ म्हणतात. हा युक्तिवाद ज्या ग्रंथाच्या आधारावर केला जातो, त्या ग्रंथावरच तो अन्याय करतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दाविदाची हकिकत शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, ११व्या अध्यायापासून येते. ती सावकाश वाचायला हवी. यवाब सेनापती सैन्य घेऊन अम्मोनी लोकांच्या राब्बा नगराला वेढा घालून बसला आहे. हे राब्बा म्हणजे आजचे जॉर्डनमधील अम्मान. राजा मात्र यरुशलेमेत, सुमारे ७० किलोमीटरवर, वाड्याच्या गच्चीवर फिरतो आहे. तिथून त्याला बथशेबा दिसते. ती कोण, याची चौकशी तो करतो आणि उत्तर मिळते की ती उरीया हित्तीची बायको आहे. म्हणजे पुढचे सगळे तो माहीत असून करतो. ती गरोदर राहिल्याचा निरोप आला तेव्हा राजाने उरीयाला युद्धभूमीवरून बोलावून घेतले. तो एक रात्र घरी जाऊन झोपला की प्रकरण मिटेल, हा हिशेब होता. उरीया घरी गेला नाही. तो वाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. कराराचा कोश आणि सारे सैन्य उघड्यावर असताना आपण घरी जाऊन खाणेपिणे, बायकोचा सहवास कसा भोगावा, असे त्याने राजाला विचारले. दुसऱ्या रात्री राजाने त्याला दारू पाजली. तरी तो गेला नाही. परक्या वंशाचा हा शिपाई दारूच्या नशेतही इस्राएलच्या राजापेक्षा जास्त शुद्धीवर राहतो, आणि लेखकाने ते एका शब्दाचीही टिप्पणी न करता लिहून ठेवले आहे.

मग राजाने यवाबाला पत्र लिहिले. उरीयाला लढाई जिथे सर्वांत तुंबळ असेल तिथे पुढे ठेवा आणि मागे हटा, म्हणजे तो मरेल, असा त्यातला हुकूम. ते पत्र न्यायला दिले उरीयाच्याच हाती. आपल्या मृत्यूचा आदेश तो स्वतः राब्बापर्यंत घेऊन गेला. यवाबाने हुकूम पाळला; त्यात उरीयाबरोबर आणखी शिपाई मेले, त्यांची नावे कुठेच नाहीत. राजाकडे जासूद पाठवताना यवाबाने त्याला पढवून ठेवले होते: तटाच्या इतके जवळ का गेलात म्हणून राजा चिडला, तर सांग की उरीया हित्तीही मेला. सेनापतीला धनी नेमका ओळखता आला होता. राजाने उलट निरोप धाडला की मनाला लावून घेऊ नकोस, तलवार आज याला खाते, उद्या त्याला. खून कसा करावा यापेक्षा तो कारभारात कसा मुरवावा, हे या एका अध्यायात जितके बारकाईने दाखवले आहे, तितके प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

पुढे नाथान संदेष्टा येतो आणि श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी कापून पाहुण्याला वाढल्याची गोष्ट सांगतो. राजा संतापून म्हणतो की असा माणूस मरणास पात्र आहे, त्याने चौपट भरपाई द्यावी. तो माणूस राजा स्वतःच आहे, हे नाथान त्याच्या तोंडावर सांगतो. दावीद पाप कबूल करतो. त्याला क्षमा मिळते, आणि प्रवचने बहुधा इथेच संपतात.

ग्रंथ इथे संपत नाही. क्षमेच्या त्याच भाषणात शिक्षाही आहे. तान्हे मूल मरते. पुढच्याच अध्यायात दाविदाचा थोरला मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. तामार अंगावरचा झगा फाडते, डोक्यात राख घालते आणि पुढे भाऊ अबशालोम याच्या घरी उजाड होऊन राहते. दावीद हे ऐकून फार रागावतो, पण करत काहीच नाही. जे आपण केले तेच मुलाने केले, तर कोणत्या तोंडाने न्याय करायचा? बापाने न्याय केला नाही म्हणून दोन वर्षांनी अबशालोम अम्नोनाला मारतो, पुढे बापाविरुद्ध बंड करतो, आणि यरुशलेम ताब्यात आल्यावर गच्चीवर तंबू ठोकून सगळ्यांच्या देखत बापाच्या उपपत्नींकडे जातो. त्याला हा सल्ला देणारा अहिथोफेल हा दाविदाचा जुना मंत्री. बथशेबाच्या बापाचे नाव एलीयाम, आणि अहिथोफेलाच्या मुलाचे नावही एलीयाम. हे दोघे एकच असतील तर अहिथोफेल बथशेबाचा आजोबा ठरतो आणि त्याच्या वैराचे मूळही कळते. तालमुद या प्राचीन यहुदी ग्रंथातील रब्बींनी राजाने स्वतःच सांगितलेल्या चौपट भरपाईचा हिशेब मांडला: तान्हे मूल, अम्नोन, तामार आणि अबशालोम.

पश्चात्तापाचे गीत म्हणून ५१वे स्तोत्र जगभर म्हटले जाते आणि त्याचे शीर्षक ते याच प्रसंगाशी जोडते. पण ते स्तोत्र केवळ देवाशी बोलते. आपण फक्त देवाचा अपराध केला, असे गाणारा त्यात म्हणतो. उरीयाचे नाव त्यात नाही. स्तोत्र पाठ असणारे आणि हकिकत न वाचलेले पुष्कळ असतात, आणि त्यामुळे अपराध म्हणजे पापी माणूस आणि देव या दोघांमधला खासगी मामला, असा समज रुजतो. नाथानाने मात्र राजापुढे उरीया हित्ती हे नाव दोनदा उच्चारले होते.

इतकी नागडी हकिकत आपल्या सर्वांत लाडक्या राजाबद्दल कोणी का जपून ठेवली असेल? शेजारच्या राजांनी असे काही केले नाही. मवाबाचा राजा मेशा याचा इ. स. पूर्व ९व्या शतकातला शिलालेख १८६८मध्ये सापडला, तो आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात त्याचे विजय आणि बांधकामे आहेत. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसने कादेशची अनिर्णित लढाई देवळांच्या भिंतींवर स्वतःचा पराक्रम म्हणून कोरून घेतली. तसे लेखन राजा जिवंत असताना, राजाच्या खर्चाने होते. शमुवेल आणि राजे ही पुस्तके आजच्या रूपात आली ती बहुधा यरुशलेम पडल्यानंतर. इ. स. पूर्व ५८६च्या सुमारास बाबिलोनने शहर आणि मंदिर जाळले, लोकांना बंदिवासात नेले. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकापासून ‘राजे’पर्यंतचा हा सगळा इतिहास त्या काळात एका हाताने रचला गेला, असे मार्टिन नोथ या जर्मन अभ्यासकाने १९४३मध्ये मांडले. एकच हात की अनेक, यावर पुढे वाद झाले, पण राज्य गमावलेल्या लोकांना आपले कुठे चुकले हे शोधायचे होते, ही गोष्ट बहुतेकांना पटली. जुन्या दरबारी कथा त्यांच्या हाती होत्याच. आधीचा राजा शौल आणि त्याचा सेनापती अबनेर यांच्या मृत्यूंबाबत दाविदाला निर्दोष ठरवण्याची धडपड शमुवेलाच्या पुस्तकात आजही दिसते. पण उरीयाच्या बाबतीत तशी सारवासारव कोणी केली नाही. राजांच्या पुस्तकाने तर दाविदाची स्तुती करतानाच अपवाद लिहून ठेवला: उरीया हित्तीचे प्रकरण सोडून.

पुसून टाकण्याचा मोह पुढच्या पिढ्यांना झालाच. बायबलमधले ‘इतिहास’ हे पुस्तक बंदिवासानंतर लिहिले गेले. त्यात राजा यरुशलेमेत राहिला आणि यवाबाने राब्बा घेतले, एवढेच येते. बथशेबाचे प्रकरण पूर्ण गायब. तरी त्याच पुस्तकात दाविदाच्या शूरांची यादी आहे आणि त्या यादीत उरीया हित्ती हे नाव तसेच राहिले आहे. इ. स. २००च्या सुमाराच्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात दाविदाची ही कथा सभेत भाषांतर करून सांगू नये, असा नियम आहे. तालमुदात त्याहून पुढे जाऊन असे मत येते की दाविदाने पाप केले म्हणणाराच चुकतो, कारण त्या काळी शिपाई लढाईवर जाताना बायकोला सशर्त घटस्फोटपत्र लिहून देत. पण तिथेच, पुढच्याच चर्चेत, दाविदाचा बचाव करणारा एक रब्बी स्वतः दाविदाच्या वंशातला आहे, याकडे दुसरा बोट दाखवतो. १५व्या शतकात पोर्तुगाल आणि स्पेनच्या राजांचे दरबार आतून पाहिलेला इसहाक अबरबानेल याने हा बचाव साफ फेटाळला आणि शास्त्रात जे पाप म्हटले आहे ते पापच आहे, असे लिहिले. राजे कसे वागतात हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

अब्राहामाच्या बाबतीतही असेच. दुष्काळात इजिप्तला गेल्यावर जीव वाचवायला त्याने सारेला बहीण म्हणून सांगितले. पुढे गरारात पुन्हा तेच, आणि तिथला परका राजा अबीमलेख त्याला जाब विचारतो. पण आम्हाला जास्त टोचते ती हागारेची गोष्ट. ती सारेची इजिप्शियन दासी. सारेच्या सांगण्यावरून अब्राहामाने तिच्यापासून मूल होऊ दिले. पुढे सारेने तिचा छळ केला आणि अब्राहामाने तो होऊ दिला. अखेर भाकरी आणि पाण्याची एक पखाल देऊन तिला पोरासह रानात घालवून दिले. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम किंवा सारा यांच्या तोंडी हागार हे नाव एकदाही येत नाही. त्यांच्यासाठी ती दासीच. तिला नावाने हाक मारतो तो देवदूत. १३व्या शतकात स्पेनमधील मोशे बेन नाखमान या भाष्यकाराने हे सगळे वाचून लिहिले की हागारेला छळण्यात आपल्या मातेने, सारेने, पाप केले आणि ते होऊ देण्यात अब्राहामानेही. राष्ट्राच्या आईबापांबद्दल असे लिहायला श्रद्धा लागते, आणि ती त्याच्यापाशी होती.

या ग्रंथांशी मराठीचे नाते जुने आहे. कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हिब्रू कथांवर मराठी कीर्तने रचली. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात आयुष्याची अखेरची वर्षे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. बेने इस्रायलांचा जिव्हाळ्याचा संदेष्टा म्हणजे एलीया. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याचे स्थान मानतात, गोड पोहे आणि फळांचा मलिदा त्याच्या नावाने करतात. हा एलीया कर्मेल डोंगरावर शेकडो बआलपूजकांना हरवून ठार करतो, आणि ईजबेल राणीची धमकी येताच रानात पळून झुडपाखाली मरण मागतो. पुढे होरेब डोंगरावर तो देवाकडे आपल्याच लोकांची तक्रार करतो की त्यांनी करार मोडला, एकटा मी उरलो. यहुदी परंपरेने त्याला याची जबाबदारी दिली: ज्या लोकांवर करार मोडल्याचा आरोप केलास, त्यांच्या प्रत्येक मुलाच्या सुंतेला तू हजर राहून साक्ष द्यायची. म्हणून आजही सुंतेच्या वेळी एलीयाची खुर्ची मांडतात. संदेष्ट्याचा मान तसाच राहिला आणि चूकही त्याच्या पदरात राहिली.

मंडळीत विश्वासवीरांवर बोलताना बहुधा नव्या करारातील इब्री लोकांस पत्राचा ११वा अध्याय उघडतात. त्या यादीत दावीद आहे आणि इफ्ताहही आहे. इफ्ताहाने लढाई जिंकल्यास घराच्या दारातून जे प्रथम सामोरे येईल त्याचे होमार्पण करण्याचा नवस केला होता, आणि डफ वाजवत सामोरी आली ती त्याची एकुलती एक मुलगी. तालमुदकाळच्या रब्बींनी या गोष्टीवर राग धरला: नवस सोडवून देता आला असता, पण पिनहास याजक आणि इफ्ताह दोघेही मानासाठी अडून बसले, कोणी कोणाकडे गेले नाही, आणि पोर जिवानिशी गेली. पत्रातल्या यादीत तिचा उल्लेख नाही. ही गोष्ट जिथे येते त्या शास्त्यांच्या पुस्तकात तिचे नाव नसले तरी तिच्यासाठी जागा आहे: इस्राएलच्या मुली दर वर्षी चार दिवस इफ्ताहाच्या मुलीची आठवण करायला जात, असे तिथे लिहिले आहे. पुढच्या वेळी या यादीवर प्रवचन होईल तेव्हा शास्त्यांचा ११वा अध्यायही वाचला जावा, आणि दाविदाची क्षमा सांगताना शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १३वा अध्याय मिटून ठेवू नये, एवढी आमची मागणी आहे.